मिस्सेला कुठे बसायचं, ते आधी सांगा

पत्र :

आदरणीय बाई,

दक्षिण कोकणात समुद्राकाठच्या एका कॅथलिक महाविद्यालयात मी १९ वर्षं शिकवते आहे. मी हिंदू आहे. येत्या जूनमध्ये आमच्याकडे नऊ नवे प्राध्यापक रुजू होताहेत, चार पूर्णवेळ आणि पाच तासिका तत्त्वावर. त्यांतला एकच जण कॅथलिक, तो वसईचा. बाकीचे नांदेड, सोलापूर, चंद्रपूर असे लांबलांबचे. प्रिन्सिपॉल फादरांनी स्वागताची सगळी जबाबदारी यंदा माझ्यावर टाकली आहे. दरवर्षी आम्ही सकाळी पवित्र आत्म्याची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, ठेवतो, मग हॉलमध्ये गुलाबाचं फूल, शाल, संस्थेच्या इतिहासाच्या स्लाइड्स आणि जेवण. दुपारपर्यंत सगळं आटोपतं. गेल्या वर्षी असंच स्वागत झालेला एक तरुण प्राध्यापक दिवाळीच्या सुट्टीत गावी गेला तो परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून तिथे नेमकं काय हवंय ते मला कधी कळलंच नाही, आणि विचारायची भीती वाटायची." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

एक सहकारी म्हणतात, निमंत्रणात 'कॅथलिक' शब्द घालूच नका, 'मूल्याधिष्ठित शिक्षण' एवढंच लिहा, म्हणजे नवी माणसं बिचकणार नाहीत. हे बरोबर आहे का? मिस्सा पहिल्याच दिवशी ठेवावी का? आणि मी स्वतः ख्रिस्ती नसताना या संस्थेबद्दल नव्यांशी बोलायचा मला अधिकार आहे का?

— एक प्राध्यापिका, सिंधुदुर्ग

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या अंगावरून गेलेला आहे.

१९८६ चा जून. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि एका कॅथलिक महाविद्यालयात मराठी शिकवायला मी रुजू झाले होते. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे चर्च बाहेरून खूप पाहिलेलं, नाताळात शेजारच्या घरची नेवऱ्यांची ताटं आमच्याकडे येत. पण मिस्सेला कधी बसले नव्हते. पहिल्याच दिवशी सगळ्या स्टाफला चॅपेलमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या छोट्या चर्चमध्ये, नेलं. बाहेर कौलांवर पाऊस इतका कोसळत होता की फादरांचं अर्धं बोलणं ऐकूच येत नव्हतं. फादरांच्या अंगावर तांबडा झगा. सगळे उठले की मी उठायची, बसले की बसायची. मधेच सगळे गुडघ्यांवर गेले आणि मी एकटी मधोमध उभी राहिले. मग रांग लागली. माझ्या बाकावरचे सगळे उठून पुढे निघाले तशी मीही निघाले. मला वाटलं, प्रसाद आहे. आपल्याकडे प्रसादाला नाही म्हणणं म्हणजे अपमान, एवढंच मला ठाऊक. माझी पाळी आली तेव्हा मी तीर्थ घेतात तसा उजव्या हाताचा खळगा केला आणि खाली डावा हात धरला. फादर थांबले. त्यांची नजर माझ्या मंगळसूत्रावर गेली. हातातली पातळ पांढरी भाकर त्यांनी परत वाटीत ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवून काही पुटपुटले आणि पुढच्या माणसाकडे वळले. मागच्या बाकांवरून मुलींच्या हसण्याचा आवाज आला.

मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फादर तर फार सौम्य गृहस्थ होते. तरी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नियम मोडला याचं मला वाईट वाटलं नव्हतं. तो नियम आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि मला सांगावं असं कुणाच्याही डोक्यात आलं नाही, याचं वाईट वाटलं.

दुपारी ग्रंथालयातल्या सिस्टरनी मला हाक मारली. काही विचारलं नाही. कॅटलॉगचं एक कोरं कार्ड घेतलं आणि त्यावर बारीक अक्षरात लिहून दिलं : केव्हा उभं राहतात, केव्हा बसतात, केव्हा गुडघे टेकतात. शेवटची ओळ होती, "रांगेत यायचं नसतं तुम्ही, ते फक्त आमच्यासाठी असतं. बाकावर बसून राहा. गुडघे नाही टेकलेत तरी चालेल." ते कार्ड अजून माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात. पुढे २८ वर्षं मी त्या संस्थेत काढली, आणि माझं खरं स्वागत त्या कार्डाने झालं असं मी आजही मानते.

तर अधिकाराचं म्हणाल, ताई, तुम्हाला तो कुणाहीपेक्षा जास्त आहे. जन्मापासून मिस्सेला जाणाऱ्या माणसाला नव्याला काय कळत नाही हेच कळत नाही. तुम्ही त्या दारातून नवख्या म्हणून आत आलेल्या आहात. मात्र काही वाक्यं अशी आहेत की ती तुमच्या तोंडून येऊन उपयोग नाही, ती फादरांनीच बोलली पाहिजेत. त्यांच्याकडे येते.

आता तो 'कॅथलिक' शब्द. तुमच्या सहकाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण मला हे अजिबात पटत नाही. नेमणुकीच्या पत्रावर वर क्रूस छापलेला, फाटकावर संताचं नाव, प्रिन्सिपॉलांच्या खुर्चीमागे पोपचा फोटो, आणि निमंत्रणात मात्र 'मूल्याधिष्ठित'! नवा माणूस खुळा नसतो. जे लपवलं जातंय त्यात काहीतरी घाबरण्यासारखं आहे, असंच तो समजणार. गेल्या वर्षीच्या त्या मुलाच्या मनात जी भीती बसली, ती अशाच न बोलण्यातून बसली असणार.

शिवाय चर्चचा स्वतःचाच नियम याच्या उलट आहे, आणि हे बऱ्याच कॅथलिक प्राध्यापकांनाही माहीत नसतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी एक आज्ञापत्र काढलं, 'एक्स कोर्दे एक्लेसिए', म्हणजे 'चर्चच्या हृदयातून'. ते विद्यापीठांबरोबर उच्च शिक्षणाच्या इतर कॅथलिक संस्थांनाही लागू आहे. त्यातल्या चौथ्या कलमात म्हटलंय की सगळ्या शिक्षकांना आणि प्रशासकांना नेमणुकीच्या वेळीच संस्थेची कॅथलिक ओळख काय आहे, तिचा अर्थ काय होतो, हे सांगितलं पाहिजे. ती ओळख त्यांनी वाढवावी, किंवा निदान तिचा मान राखावा, ही त्यांची जबाबदारी, तीही सांगितली पाहिजे. 'किंवा निदान' या दोन शब्दांत तुमच्या नऊपैकी आठ जणांची जागा ठरलेली आहे. कॅथलिक शिक्षकाने चर्चच्या शिकवणीशी निष्ठा ठेवायची, इतरांनी तिचा आदर करायचा. त्याच आज्ञापत्रात दुसऱ्या कलमात प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा असंही स्पष्ट आहे. ही वाक्यं मराठीत करून एका पानावर छापा आणि नेमणुकीच्या पत्रासोबत द्या. शाल नाही दिलीत तरी चालेल.

एवढं केलं तरी नवी माणसं हॉलमध्ये विचारणार नाहीत असे तीन प्रश्न उरतातच. मी इतकी वर्षं नव्यांबरोबर चहा प्यायले आहे, ते तेच तीन असतात.

पहिला, धर्म बदलायला सांगतील का? याचं उत्तर फादरांनी माईकवरून, सगळ्यांसमोर, पहिल्या पाच मिनिटांत द्यायचं. "नाही. कुणी तसं सुचवलं तरी थेट माझ्याकडे या." इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, ही भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी घेतलेली आहे. फादरांना ती पाठ असेल. त्यांनी ती बोलून दाखवली पाहिजे. हे तुम्ही बोललात तर ती एका सहकाऱ्याची समजूत होते, त्यांनी बोललं तर तो शब्द होतो.

दुसरा, वर्गात काय शिकवायचं नाही? भौतिकशास्त्राच्या एका नव्या सरांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "मॅडम, बिग बँग शिकवलं तर चालेल ना?" त्यांना मी जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल सांगितलं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ साली मांडणारा आणि विश्वाची सुरुवात एका 'आदिअणू'तून झाली अशी कल्पना १९३१ साली पुढे आणणारा हा माणूस स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, आणि बेल्जियममधल्या लूवाँच्या कॅथलिक विद्यापीठात शिकवत होता. सरांचा चेहरा असा उजळला! उत्क्रांतीचंही तसंच. अभ्यासक्रम पूर्ण शिकवायचा, त्यात काटछाट नाही, हे नव्यांना निःसंकोच सांगा.

पण इथे एक खरी मेख आहे आणि ती झाकू नका. वर्गातलं शिकवणं वेगळं आणि संस्थेच्या नावाने होणारा कार्यक्रम वेगळा. संस्थेचं कुठलंही अधिकृत पाऊल तिच्या कॅथलिक ओळखीला धरून असावं, असं तेच आज्ञापत्र सांगतं. म्हणजे प्राणिशास्त्राच्या बाईंनी वर्गात संततिनियमनाचा धडा जसाच्या तसा घ्यायचा. पण चर्चला संततिनियमनाची कृत्रिम साधनं मान्य नाहीत, म्हणून एन.एस.एस.च्या शिबिरात संस्थेचा बॅनर लावून त्याच विषयावर बाहेरचा वक्ता आणायचा असेल, तर आधी फादरांशी बोलायचं. मी असा एक कार्यक्रम ऐन वेळी रद्द झालेला पाहिला आहे. ज्या तरुण सरांनी तो ठरवला होता त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वक्त्यांना परत पाठवताना त्यांची मान खाली गेली ती पुढे वर्षभर वर आली नाही. दोन वाक्यांत टळण्यासारखी गोष्ट होती.

तिसरा प्रश्न बढतीचा, आणि ताई, तो तुमच्याही मनात कधीतरी येऊन गेला असेल. आपल्या संविधानाच्या ३०(१) कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करायचा आणि चालवायचा हक्क दिला आहे. प्राचार्य आपल्या पसंतीचा निवडणं हा त्या हक्काचाच भाग आहे, पात्रतेच्या अटी पाळल्या की तिथे सेवाज्येष्ठतेची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं. म्हणजे तुमच्या नव्या आठ जणांपैकी कुणी कितीही चांगलं काम केलं, तरी त्या खुर्चीवर ते बसतीलच असं नाही. हे पहिल्या दिवशी भाषणात सांगायची गोष्ट नव्हे, पण कुणी विचारलं तर गोल गोल बोलू नका. मला हे दहाव्या वर्षी कळलं आणि खूप लागलं. पहिल्या वर्षी कळलं असतं तर मी ते समजून उमजून स्वीकारलं असतं, कारण बाकी विभागप्रमुखपद, परीक्षा विभाग, संशोधनाची मोकळीक, सगळं मला मिळालं.

मिस्सेबद्दल. पहिल्या दिवशी ठेवा, जरूर ठेवा. वर्षाच्या सुरुवातीला पवित्र आत्म्याकडे बुद्धी आणि शहाणपण मागायचं, ही त्यांची जुनी आणि सुंदर रीत आहे. तांबडा रंग त्या आत्म्याच्या अग्निज्वाळांचा, हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी तो झगा वेगळ्या डोळ्यांनी पाहिला असता. फक्त तिची मांडणी बदला. मस्टर चॅपेलच्या दारात ठेवू नका. साडेआठला मिस्सा, यायचं त्याने यावं. साडेनऊला हॉलमध्ये चहा, तिथे सगळ्यांनी यायचं, आणि सह्या तिथेच. म्हणजे कोण आलं नाही हे मोजत बसायला कुणाला जागाच राहत नाही. जे येतील त्यांना आदल्या दिवशी अर्ध्या पानाचं टिपण द्या, माझ्या सिस्टरांच्या कार्डासारखं. रांगेची गोष्ट त्यात ठळक लिहा, आणि कारणही लिहा. कॅथलिकांसाठी ती भाकर म्हणजे साक्षात ख्रिस्ताचं शरीर, म्हणून ती ज्याचा त्यावर विश्वास आहे आणि जो त्यांच्यात सामील आहे त्यानेच घ्यायची. हे कारण कळलं की कुणाला अपमान वाटत नाही, उलट माणूस अदबीने बसून राहतो. तुमच्याकडे इतरांना रांगेत येऊन फक्त आशीर्वाद घेता येतो का, हे फादरांना विचारून तेही टिपणात घाला.

आणखी एक, वर्गातल्या प्रार्थनेचं. पहिल्या तासाला प्रार्थना म्हणायची पद्धत असेल, तर ती कुणी म्हणायची, नव्या सरांना ती येत नसेल तर काय, हे ठरवून सांगा. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे संविधानाच्या २८(३) कलमात आहे. नव्या शिक्षकाला हे माहीत असलं की उभ्या न राहणाऱ्या पोरावर तो उगाच डोळे वटारणार नाही.

फादर लोकांचीही थोडी ओळख करून द्या. बाहेरून येणाऱ्याला सगळे पांढरे झगे सारखेच. धर्मप्रांताचे धर्मगुरू बिशपांच्या हाताखाली असतात. तुमच्याकडचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली झाला आणि बिशपांचं आसन सावंतवाडीला आहे. जेझुइट, सलेशियन यांसारख्या संघांतले फादर मात्र त्यांच्या प्रोव्हिन्शियलच्या, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखाच्या, आज्ञेत असतात. ज्या प्रिन्सिपॉलांनी मुलाखत घेतली, भरवसा दिला, ते एका पत्रावर बदलून जातात, आणि नवा प्राध्यापक हवालदिल होतो. तसं होऊ शकतं, आणि त्याचा त्याच्या नोकरीशी संबंध नसतो, एवढं आधी कानावर घातलेलं बरं.

आता मला जे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. गेल्या वर्षी निघून गेलेला तो नांदेडचा मुलगा. तो नांदेडचाच होता असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझ्या डोळ्यांपुढे तसाच येतो. त्याला खोली कुणी बघून दिली? आपल्या गावात भाड्याने खोली मागायला गेलेल्या परक्या माणसाला आधी काय विचारतात, तुम्हाला ठाऊक आहे. "आडनाव काय?" त्यावरून जात कळली नाही तर "गाव कुठला?" आणि मग "बघून सांगतो". कॉलेजात शाल आणि गुलाब घेतलेला माणूस संध्याकाळी तीन दारांवरून परत फिरतो आणि लॉजवर जाऊन झोपतो. सकाळी स्टाफरूममध्ये तो हे कुणाला सांगणार? म्हणून खोल्या तुम्ही बघा. घरमालकांशी तुम्ही बोला, आणि नाव-जात न विचारता देणारी घरं कोणती ते तुम्हाला आणि ऑफिसातल्या शिपाईमामांना आजच माहीत आहे. फादरांना सांगा, पॅरिशमधल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, कुटुंबांना शब्द टाका म्हणावं. परक्याला घरात घ्यावं हे त्यांच्या धर्मग्रंथात पानोपानी आहे, त्याची आठवण करून द्यायला रविवारचं प्रवचन चांगली जागा आहे.

पावसाचंही सांगा. विदर्भ-मराठवाड्यातला माणूस पाऊस म्हणजे दोन तासांची सर समजून येतो. इथे जुलैत चार चार दिवस वीज नसते, कपडे वाळत नाहीत, आणि ट्रंकेतल्या मार्कशीटवर हिरवी बुरशी चढते. माझ्या एका सहकाऱ्याचं पीएच.डी.चं प्रमाणपत्र असंच गेलं. मूळ कागद प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा, सोबत तांदळाची पुरचुंडी टाका, हे त्याला रुजू व्हायच्या आधी फोनवर सांगा. रेल्वेचं वेळापत्रक पावसाळी असतं, गाडी उशिरा येते, स्टेशन गावापासून लांब, रात्री रिक्षा नाही. कुणाला तरी स्टेशनवर पाठवा. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी असते. कोकणात आल्या आल्या ताजी मासळी खायला मिळेल अशा आशेने आलेल्या सोलापूरकराच्या ताटात सुका बांगडा येतो. आणि शाकाहारी माणसासाठी कुठल्या खाणावळीत वेगळा तवा आहे ते बघून ठेवा.

मग भाषा. पहिल्या आठवड्यात पोरं विचारणार, "सर, तुमी खंयचे?" म्हणजे कुठले. सरांना वाटतं चेष्टा चाललीय. मागच्या बाकावर मालवणीत जे बोललं जातं ते त्यांच्या डोक्यावरून जातं, आणि आपल्याला हसताहेत असं वाटून ते कडक होतात. त्यांना पंचवीस-तीस शब्द शिकवा. माका (मला), तुका (तुला), खंय (कुठे), कित्या (का), झील (मुलगा), चेडू (मुलगी). एखाद्या सरांनी "कित्या उशीर झालो?" असं विचारलं की वर्ग त्यांचा झालाच. १५७९ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स हेही असेच परके होते. १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून निघालं ते मराठी ओवीत. ही भाषा त्यांना इथल्याच कुणी माणसांनी शिकवली असणार, शेजारी बसून, चुकलं तिथे सुधारून. त्या माणसांची नावं आपल्याकडे नाहीत. मी जेव्हा जेव्हा स्टाफरूममध्ये नव्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसले, तेव्हा मला ती माणसं आठवली.

तासिका तत्त्वावरच्या पाच जणांबद्दल मला जरा कळकळीने लिहायचं आहे. दरवर्षी शाल चौघांना मिळते की नवांना? हे पाच जण तास असेल तेव्हा येतात, तास झाला की दुसऱ्या कॉलेजच्या एस.टी.साठी पळतात. तासाचे पैसे, तेही महिनोन् महिने थकलेले. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नसते, कपाटाचा खण नसतो, डबा जिन्यावर बसून खातात. त्यांना ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड, बसायला ठरलेली खुर्ची आणि खणाची किल्ली पहिल्याच दिवशी द्या. मानधनाचं बिल कुणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत द्यायचं, ते लेखी द्या. आणि भाषणात त्यांना "आमच्या कुटुंबात स्वागत" म्हणू नका. ज्याची नेमणूक सत्र संपल्यावर संपणार आहे त्याच्या कानाला तो शब्द बोचतो. "तुमचं काम आम्हाला हवं आहे आणि त्याचा मान आम्ही राखू" एवढं म्हणा, आणि मग राखा. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे असं जी संस्था मानते, तिची परीक्षा मला तरी या खुर्चीवर होते असं वाटतं.

स्वागत दिवसभराचं असू नये, दिवाळीपर्यंत चालावं. नवांतल्या प्रत्येकाला एक सोबती नेमून द्या. त्यात दोन गोष्टी सांभाळा. सोबती त्याच्या विभागाचा प्रमुख नको, आणि गोपनीय अहवाल लिहिणारा तर नकोच. ज्याच्या हातात आपला अहवाल आहे त्याला माणूस खुळे प्रश्न विचारत नाही. कॅथलिक नव्याला हिंदू किंवा मुसलमान सोबती दिलात आणि इतरांना कॅथलिक, तर आणखी चांगलं. तुमच्या वसईच्या मुलाला सगळं माहीत असेल असं धरून चालू नका. वसईचा कॅथलिक आणि सिंधुदुर्गातला कॅथलिक यांच्या बोलीत, स्वयंपाकात, गाण्यांत फार फरक आहे. तो इथे तेवढाच परका, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाणार नाही, कारण तो 'आपला' समजला जाईल.

सोबत्याने आठवड्यातून एकदा चहाला बसायचं, बस. पहिल्या चाचणीच्या गुणांवरून पालक भांडायला येतात तेव्हा, आणि गणपतीच्या सुट्टीआधी, हे दोन आठवडे विशेष जपायचे. गणपतीत गावाकडे जायला गाडीचं तिकीट मिळत नाही, अख्खी मुंबई इकडे उतरलेली असते, आणि नवा माणूस रिकाम्या गावात, म्हणजे त्याच्यासाठी रिकाम्या, एकटा राहतो. तेव्हा त्याला घरी जेवायला बोलवा. गणपतीच्याच आगेमागे, ८ सप्टेंबरला, मरियामातेचा जन्मदिवस येतो. आमच्या स्टाफरूममध्ये एका वर्षी मोदकांचं पातेलं आणि सिस्टरांच्या घरचा केक एकाच टेबलावर होता. त्या वर्षी रुजू झालेल्या उर्दूच्या सरांनी त्याच टेबलावर शीरखुर्म्याचं आमंत्रण दिलं, पुढच्या ईदचं, सात-आठ महिने आधी. तेव्हा मला कळलं की ते राहणार.

जो निघून गेला त्याला एक पत्र लिहा, ताई. परत बोलवायला नव्हे. त्याला तिथे काय कळलं नाही, कशाची भीती वाटली, ते सविस्तर विचारा. तुमच्या टिपणाचा मजकूर त्याच्याइतका नेमका दुसरं कुणी सांगू शकणार नाही. त्याने उत्तर दिलं तर ते फादरांना वाचायला द्या, त्याचं नाव झाकून.

आणि आज, हे वाचून झालं की, नऊ जणांना फोन लावा. जूनला तीन आठवडे उरलेत. कोणाची खोली ठरली आहे आणि कोणाची नाही, तेवढं आधी विचारून घ्या.